मुळशी हरली, बारडोली जिंकली

गेली तीस वर्षे मी कारखान्यांच्या फाटकांवर भाषणे करीत आलो आहे. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा प्रसंग मात्र हा पहिलाच. फाटकावरचा श्रोता उभा असतो, त्याच्या हातात जेवणाचा डबा असतो आणि पाळीचा भोंगा व्हायला सात-आठ मिनिटे उरलेली असतात. तेवढ्यात जे सांगायचे ते सांगावे लागते. येथे आपण बसून आहात आणि मला पाऊण तास दिला आहे, त्यामुळे थोडे लांबले तर तो दोष सवयीचा समजावा. माझे शिकणे रात्रशाळेत आणि नंतर सार्वजनिक वाचनालयात झाले. इतिहासाचा मी अभ्यासक नव्हे, केवळ वाचक आहे. आणि जे वाचतो ते कामगाराच्या नजरेने वाचतो.

विषय निवडला त्याला कारण घडले. काही वर्षांपूर्वी एका गेटसभेत मी बारडोलीच्या सत्याग्रहाचा दाखला दिला. एका तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हातात काठीसुद्धा न घेता इंग्रज सरकारला कसे नमवले, हे मी मोठ्या आवेशाने सांगितले. सभा संपल्यावर एक तरुण कामगार जवळ आला आणि म्हणाला, "दादा, माझं आजोळ मुळशीचं. आमच्या लोकांनीही काठी उचलली नव्हती. मग बारडोलीची जमीन राहिली आणि आमची पाण्यात का गेली?" मी त्याला त्या वेळी "एकी कमी पडली" असे काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर खोटे होते असे नाही. पण आपण त्याला वाटेला लावले, एवढे मला तेव्हाच कळले होते. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

प्रथम मुळशी, कारण ती आधीची. पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत, निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावे, ते पाणी घाटाखाली कोकणात सोडून वीज काढावी आणि ती वीज मुंबईला न्यावी, अशी टाटांच्या वीज कंपनीची योजना होती. मुंबईच्या बऱ्याच गिरण्या तोवर कोळशावर चालत. कोळसा दुरून येई आणि महाग पडे. ती सोय होण्यासाठी मुळशी पेट्यातल्या सुमारे पन्नास गावांची भातखाचरे, घरे आणि देवळे पाण्याखाली जाणार होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमीन ताब्यात घेऊन ती कंपनीला द्यायची, असे ठरले. १९२१ च्या रामनवमीला, म्हणजे १६ एप्रिलला, मावळे स्त्रीपुरुष धरणाच्या पायावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची शपथ होती. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून चळवळ बांधली. पहिल्या धडकेत काम थांबलेदेखील. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना मावळ्यांच्या म्हणण्याचा विचार करण्याची विनंती केली.

पण काम पुन्हा सुरू झाले. सत्याग्रही येत, बसत, पकडले जात, तुरुंगात जात; दुसरे येत. इकडे पुण्याच्या सावकारांनी वेगळाच हिशेब मांडला. पेट्यातली बरीचशी जमीन त्यांच्याकडे गहाण होती. कुळाची जमीन बुडाली तरी सावकाराला मोबदल्याचे पैसे मिळत होते, आणि रोख पैसा हातात येतो म्हटल्यावर सावकार सत्याग्रहाच्या बाजूने किती दिवस राहणार? पुढे गांधीजींचेही मत फिरले. बहुतेकांनी मोबदला घेतलेला आहे, धरण अर्धे झालेले आहे आणि खुद्द सेनापतींची अहिंसेवर पूर्ण निष्ठा नाही, अशी कारणे त्यांनी दिली. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी कंपनीच्या कामाची रेल्वेगाडी अडवून पिस्तूल चालवले आणि सात वर्षांची सजा घेतली. धरण पुरे झाले. १९२७ साली भिरा येथील वीजघर सुरू झाले.

येथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे चालवीत. सातारा जिल्ह्यातून आलेला शेतकऱ्याचा मुलगा तो. साचा चालतो ती वीज घाटातल्या पाण्याची आहे, त्या पाण्याखाली आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची खाचरे आहेत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि मलाही ते चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते. ज्या दिवशी ते वाचले, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता बारडोलीकडे वळू. हा तालुका सुरत जिल्ह्यातला, त्या वेळच्या मुंबई इलाख्यातला. १३७ गावे, वस्ती सुमारे ८८ हजार. काळी जमीन, कापसाचे पीक. पाटीदार शेतकरी घट्ट बांधलेला. अनेक घरांतला एखादा भाऊ दक्षिण आफ्रिकेत गेलेला. १९२२ साली गांधीजींनी करबंदीच्या लढ्यासाठी याच तालुक्याची निवड केली होती, पण चौरीचौरा येथे पोलीसठाणे जाळले गेले आणि त्यांनी तो लढा सुरू होण्याआधीच मागे घेतला. तयार होऊन बसलेला तालुका तसाच राहिला. सहा वर्षांनी संधी आली ती स्वराज्याच्या नावाने आली नाही, साऱ्याच्या नावाने आली.

रयतवारी मुलखात दर तीस वर्षांनी साऱ्याची फेरआकारणी होई. बारडोलीत हे काम जयकर नावाच्या अधिकाऱ्याकडे होते. तापी खोऱ्यातली रेल्वे झाली आहे, कापसाला भाव आला आहे, पक्की घरे उठली आहेत, जमिनीचे खंड वाढले आहेत, असे दाखले देऊन त्यांनी सुमारे तीस टक्के वाढ सुचवली. वरिष्ठ अँडरसन साहेबांनी मुख्यतः खंडाच्या आकड्यांवर भर देऊन ती एकोणतीसवर आणली आणि सरकारने बावीस टक्क्यांवर शिक्का मारला. शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की खंडाने दिलेली जमीन तालुक्यात थोडी; तिच्यावरून साऱ्या तालुक्याची ऐपत कशी ठरवता? आणि अधिकाऱ्यांनी गावात येऊन विचारले तरी कोणाला? अर्ज झाले, शिष्टमंडळे झाली, कौन्सिलात प्रश्न झाले, उपयोग झाला नाही. मग कुंवरजी आणि कल्याणजी मेहता हे बंधू वल्लभभाई पटेलांकडे गेले. वल्लभभाईंनी त्यांना लगेच होकार दिला नाही. किती गावे ठाम आहेत ते आधी पाहून या, जमीन जाईल ती सोसण्याची तयारी आहे का ते विचारून या, असे सांगून परत पाठवले. संघटना बांधणाऱ्या माणसाला या एका गोष्टीत पुष्कळ शिकण्यासारखे आहे. आम्ही पुष्कळदा आधी घोषणा देतो आणि मग माणसे मोजतो.

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी ठराव झाला. हिंदूंनी प्रभूच्या आणि मुसलमानांनी खुदाच्या नावाने शपथ घेतली. मागणी साधी होती: जुना सारा पुरा म्हणून घ्या, नाहीतर निःपक्ष चौकशी नेमा, तोवर आम्ही भरणार नाही.

वाढीची रक्कम किती होती? जुना सारा पाच लाखांच्या थोडा वर. त्यावर बावीस टक्के म्हणजे वर्षाला लाखभर रुपयांच्या आसपास. एवढ्यासाठी मुंबई सरकारचा खजिना अडला नव्हता. पण इलाख्यात इतर तालुक्यांच्या आकारण्याही व्हायच्या होत्या, आणि एका तालुक्यात वाकले की सगळीकडे वाकावे लागेल, हे सरकार जाणून होते. मालकही असाच विचार करतो. एका खात्यात दोन रुपये वाढवायला त्याची ना नसते, पण दुसरे खाते काय म्हणेल याची त्याला धास्ती असते.

आता माझ्या उत्तराचा गाभा येतो, म्हणून जरा सावकाश जातो. साऱ्याची बाकी वसूल करायची रीत कशी असते ते पाहा. तलाठी थकबाकीची यादी करतो. नोटीस निघते. ती बजावायला घरधनी सापडावा लागतो, न सापडला तर दाराला चिकटवायला गावचा पाटील आणि पंच लागतात. जप्ती करायची तर दार उघडे असावे लागते. जप्त केलेली भांडी, पलंग, म्हैस तालुक्याला न्यायला गाडी लागते, गडी लागतो. कोंडलेल्या म्हशीला वैरण लागते, पाणी लागते, धार काढायला माणूस लागते. लिलावात बोली बोलणारा लागतो. जमीन खालसा केली तर ती विकत घेणारा लागतो, आणि घेणाऱ्याला नांगर धरणारा लागतो. कलेक्टरच्या सहीपासून नांगराच्या मुठीपर्यंत ही साखळी जाते, आणि कलेक्टर सोडला तर जवळजवळ प्रत्येक कडी गावातल्या माणसाच्या हाताची आहे.

बारडोलीने हे ओळखले आणि एकेक कडी सोडवली. पाटलांनी आणि तलाठ्यांनी राजीनामे दिले. जप्तीवाले येताना दिसले की पहारेकरी ढोल वाजवीत आणि सबंध गाव दारे लावून आत बसे. दिवसा कुलपे आणि रात्री व्यवहार, असे महिनेच्या महिने चालले. माणसे आणि गुरे एकाच घरात कोंडून राहिली. उजेड-वाऱ्यावाचून म्हशींचा रंग फिकट पडला, तेव्हा वल्लभभाईंनी सभेत थट्टा केली की आमच्या म्हशीसुद्धा आता गोऱ्या मडमा होऊ लागल्या. दुखण्यावर हसवणारा पुढारी लोकांना फार दिवस पुरतो. जप्तीच्या कामाला पठाण आणले. त्यांच्या दांडगाईच्या बातम्या बाहेर गेल्या आणि सरकारचीच अब्रू गेली. म्हैस मातीमोलाने कसायाला विकली गेली, तिचे दुःख घरच्या बायकांना माणूस गेल्यासारखे झाले. हजारो नोटिसा निघाल्या, जमिनी खालसा झाल्या. पण घेणारे मोजके निघाले, आणि ज्यांनी घेतल्या त्यांना ती कसणारा माणूस मिळेना.

हे सर्व आपोआप झाले नाही. तालुक्यात ठिकठिकाणी छावण्या होत्या. रविशंकर महाराज, मोहनलाल पंड्या, जुगतराम दवे, वृद्ध अब्बास तय्यबजी अशी माणसे त्या सांभाळीत. कोणत्या गावात काय झाले याच्या खबरा रोज बारडोलीच्या आश्रमात जमत आणि दुसऱ्या दिवशी 'सत्याग्रह पत्रिका' छापून गावोगाव पोहोचे. कुजबूज गावात शिरण्याआधी खरी बातमी तेथे पोहोचलेली असे. ज्याने संप चालवला आहे त्याला या पत्रिकेची किंमत सांगायला नको. अर्धे संप अफवेने फुटतात. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन या स्त्रिया घराघरांत गेल्या. नवरा डगमगला तरी बायको डगमगत नाही, अशी घरे त्यांनी तयार केली. पुढे कौन्सिलातून कन्हैयालाल मुन्शी वगैरे सभासदांनी राजीनामे दिले. मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी दरमहा हजार रुपये लढ्याला देऊ केले. १२ जूनला देशभर बारडोली दिन पाळला गेला.

त्याच उन्हाळ्यात मुंबईत काय चालले होते, याचा बारडोलीच्या गोष्टीत सहसा उल्लेख येत नाही. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा सार्वत्रिक संप होता. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. एका इलाख्याच्या सरकारला एका हाताने परळ आणि दुसऱ्या हाताने बारडोली आवरायची होती. संपवाल्यांपैकी हजारो जण गावी जाऊन राहिले आणि शेतीच्या भाकरीवर त्यांनी संप ओढला. शेतकरी आणि कामगार यांचे नाते पुस्तकात नंतर लिहिले गेले. त्या वर्षी ते भाकरीत होते.

जुलैत गव्हर्नर लेस्ली विल्सन व्हाइसरॉयला भेटून आले आणि कौन्सिलात त्यांनी चौदा दिवसांची मुदत दिली. पुढे अटका, मग लष्कर, अशी हवा झाली. वल्लभभाईंना पकडतील म्हणून गांधीजी ऑगस्टच्या आरंभी बारडोलीत येऊन राहिले. आणि मग ६ ऑगस्टला तडजोड झाली. वाढीची रक्कम तिऱ्हाईत गृहस्थाने खजिन्यात भरली, त्यामुळे सरकारचे नाक राहिले. चौकशी नेमली गेली, त्यामुळे शेतकऱ्यांचा शब्द राहिला. कैदी सुटले, जमिनी परत आल्या, राजीनामे दिलेले पाटील-तलाठी पुन्हा कामावर घेतले गेले. अशा कागदाला कोणी लबाडी म्हणेल. मी असे करार लिहिले आहेत. दोघांनाही घरी जाऊन सांगता येईल अशी भाषा सापडणे हे सोपे काम नव्हे.

चौकशीला ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन इंग्रज अधिकारी बसले. हे ब्रूमफील्ड म्हणजे ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची सजा दिली तेच न्यायाधीश. शेतकऱ्यांच्या वतीने भुलाभाई देसाई उभे राहिले. महादेव देसाई, नरहरी परीख यांनी गावोगावचे आकडे आणि पुरावे तयार केले. गावांत जाऊन तपासल्यावर खंडाचे आकडे टिकले नाहीत. बावीस टक्क्यांच्या जागी सुमारे सहा टक्के वाढ योग्य, असा निष्कर्ष १९२९ साली निघाला.

आता त्या मुलाचा प्रश्न पुन्हा घेतो. मुळशीच्या मावळ्यांच्या हिमतीत काडीचा फरक नव्हता. पण भूसंपादनाची साखळी कशी असते? नोटीस निघते, अधिकारी मोबदला ठरवतो, पैसे तुम्ही घेतले तर घेतले, नाही घेतले तर जमा पडून राहतात. जमीन मात्र सरकारची होते. घेणारा आधीच ठरलेला आहे आणि त्याला नांगर धरायचाच नाही, त्याला पाणी भरायचे आहे. पायाचे दगड उचलायला मजूर बाहेरून आणता येतात. या सगळ्यात मावळ्याच्या हाताची कडी एकही नाही. बारडोलीच्या शेतकऱ्यावाचून सरकारचे चालत नव्हते. मुळशीच्या शेतकऱ्यावाचून कंपनीचे उत्तम चालत होते. तो जितक्या लवकर नाहीसा होईल तितके तिला हवेच होते. त्याला फक्त अंग आडवे टाकता येत होते, आणि ते त्याने टाकले. त्या मुलाला मी "एकी कमी पडली" म्हणालो, त्याची मला आज लाज वाटते.

१९८२ चा गिरणी संप फसला त्याची कारणे सांगताना लोक पुढाऱ्यांची नावे घेतात. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो, घरात चूल थंड असे. आज मागे पाहता वाटते की कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर निघू लागले होते आणि पुढे तर गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. अडीच लाख माणसांनी काम थांबवले, पण त्या कामाची मालकाला असलेली गरजच आटत चालली होती. आम्हीही मुळशीच्या जागी जाऊन बसलो होतो आणि स्वतःला बारडोली समजत होतो.

बारडोलीच्या साखळीतली शेवटची कडी, नांगर धरणारा, याच्याविषयी बोलल्यावाचून मला बसता येणार नाही. हा माणूस म्हणजे दुबळा. पाटीदाराच्या घरी लग्नासाठी थोडे पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, त्याच्या शेतावर राबायचे. बायकोने घरची शेणगोठ्याची कामे करायची. या पद्धतीला 'हाळी' म्हणत. खालसा जमीन कसायला बाहेरच्या मालकाला माणूस मिळाला नाही, यात दुबळ्याचा वाटा मोठा आहे. पण तो नकार त्याचा स्वतःचा होता की धन्याचा, हे विचारायला कोणी गेले नाही. आश्रमातल्या माणसांनी त्यांच्यात दारूबंदीचे, चरख्याचे, शाळेचे काम केले, ते मनापासून केले. तथापि, शपथेत दुबळ्याची मजुरी नव्हती, मागणीत नव्हती, आणि चौकशीचा विषय तर सारावाढ एवढाच होता. एकजूट राखायची म्हणून हा प्रश्न बाजूला ठेवला गेला, असे समर्थन केले जाते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली आला.

हे बोलण्याचा मला अधिकार किती? एका कारखान्यात आम्ही दीड महिना संप केला. कायम कामगारांबरोबर कंत्राटी पोरेही बाहेर बसली होती. तीच नसती तर आतले काम दुसऱ्या दिवशी सुरू झाले असते. मागणीपत्रात त्यांचे एक कलम होते. शेवटच्या रात्री व्यवस्थापनाने सांगितले, हे कलम काढा, बाकीच्यावर आत्ता सही करतो. आमची माणसे थकली होती, घरांत काही उरले नव्हते. मी सही केली. दुसऱ्या दिवशी फाटकावर पेढे वाटले. कंत्राटी पोरांनीही घेतले. एकाने कागदात गुंडाळून खिशात ठेवला, घरी लहान मुलगी होती म्हणून. "आपलं कलम पुढच्या वेळी ना, दादा?" असे त्याने विचारले, आणि मी हो म्हणालो. पुढच्या करारापर्यंत त्याचा कंत्राटदार बदलला होता, आणि यादीत त्याचे नाव नव्हते.